अडकलेलं वजन आणि वाळूची बॅग: घरच्या व्यायामाच्या नोंदी (जून ते सप्टेंबर 2024)

9 जून, रविवार

आज कुठे उभी आहे ते आधी लिहिते. वय 44, उंची 158 सेंमी, पतसंस्थेत टेबलावरची नोकरी. दिवाळीनंतर वजन 79 किलो होतं. रोज पहाटे साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेने ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालणं, घरी येऊन बारा सूर्यनमस्कार आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा एरोबिक्सचा व्हिडिओ. एवढ्यावर मार्चअखेर 71.5 पर्यंत आले. तेव्हापासून काटा तिथेच आहे.

एप्रिल आणि मे वाया गेले म्हणायला हरकत नाही. वजन थांबलंय तर व्यायाम वाढवायचा, एवढंच कळत होतं, म्हणून तोच व्हिडिओ दोनदा लावायला लागले. वीसची चाळीस मिनिटं झाली आणि वजन तसूभरही हललं नाही. वाढली ती संध्याकाळची भूक. ऑफिसातून आल्या आल्या डब्यातला चिवडा वाटीभर जायचा.

मेच्या शेवटी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळं जागेवर आहे. जड व्यायाम सुरू करू का, हेही डॉक्टरांना विचारलं. हरकत नाही, पण गुडघे सांभाळा म्हणाले. चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी हे पाऊल गाळू नये. थायरॉइड मंद असेल तर महिनोन्‌महिने व्यायामाला दोष देत बसायची वेळ येते.

मोजण्याची पद्धत ठरवली. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी रोज वजन करायचं आणि रविवारी आठवड्याची सरासरी काढायची. एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. पोटाचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, दर चार आठवड्यांनी. या आठवड्याची सरासरी 71.6, घेर 94 सेंमी. बायकांसाठी 80 ही धोक्याची रेषा धरतात, म्हणजे अजून बराच पल्ला आहे.

12 जून

कऱ्हाडला धाकट्या भावाला फोन केला. कॉलेजात असताना तो तालमीत जायचा. व्हिडिओबद्दल त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, व्हिडिओ चालू असताना तुला बोलता येतं का?" बोलता कसलं येतं, मी मनातल्या मनात उद्याच्या डब्याची भाजी ठरवते. जानेवारीत तिसऱ्या गाण्यालाच धाप लागायची.

तो म्हणाला, "मग तो व्यायाम आता तुझ्यासाठी व्यायाम राहिलेला नाही. शंभर बैठका मारून काय मिळणार? खाली जाताना तीन आकडे मोज, खाली एक आकडा थांब, मग वर ये. विसात काय होतं ते बघ."

विसापर्यंत पोचलेच नाही. चौदाव्या बैठकीला मांड्या थरथरायला लागल्या.

माझ्यापुरतं उत्तर इथेच मिळालं. माझं शरीर साडेसात किलोने हलकं झालंय. तोच चढ चढायला, तेच हातपाय हलवायला त्याला आता कमी ताकद लागते, नुसतं बसून राहायलाही कमी खर्च येतो. शिवाय रोजच्या हालचाली अंगवळणी पडल्यात. त्याच हालचाली जास्त वेळ केल्या तर वेळ तेवढा जातो. कठीण करायची आहे ती प्रत्येक हालचाल.

16 जून, रविवार

वेळापत्रक ठरलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकदीचा व्यायाम, साधारण 35 मिनिटं. उरलेल्या दिवशी चालणं आणि सूर्यनमस्कार. व्हिडिओ बंद.

ताकदीच्या दिवशी पाच गोष्टी: बैठका, जोर, पाठीसाठी रबरी बँड ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलायचा ग्लूट ब्रिज, आणि कोपरं टेकून शरीर सरळ धरून ठेवायचा प्लँक. प्रत्येकी तीन सेट. एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता एका दमात, आठ ते बारा, आणि शेवटचे दोन असे यायला हवेत की आणखी दोन करायला सांगितलं तर जमणार नाहीत. तिन्ही सेटमध्ये बारा व्हायला लागले की पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची: वजन, वेग किंवा उंची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दुखल्यावर कशामुळे दुखतंय ते कळत नाही.

जोर जमिनीवर एकही येत नाही. गुडघे टेकवून करून पाहिले, पण पोट लोंबकळतं आणि कंबर आत जाते. त्यापेक्षा ओट्यावर हात ठेवून केलेले बरे. शरीर टाचेपासून मानेपर्यंत सरळ राहतं. आमचा ओटा 84 सेंमी उंच आहे. ओटा, मग दिवाण, मग चौरंग, मग जमीन असा क्रम ठरवला. घरातच चार पायऱ्या निघाल्या, वेगळं काही घ्यावं लागलं नाही.

19 जून

उड्या बाद. बैठकीतून उडी आणि बर्पी (हात टेकून पाय मागे टाकायचे, मग उठून उडी) असे दोन प्रकार दोन दिवस करून पाहिले. धाप भरपूर लागली, पण उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन म्हणाल्या, "बाई गं, माझं देवघर हादरतंय." त्यांचं बरोबरच आहे. जुन्या इमारतीत स्लॅबमधून सगळं खाली ऐकू जातं.

धाप लावायला दुसरा मार्ग शोधायचा आहे.

23 जून, रविवार

सरासरी 72.1. म्हणजे वाढलं! इथे बरेच जण सोडून देतात म्हणून सविस्तर लिहिते. नवा जड व्यायाम सुरू झाला की दुखावलेल्या स्नायूंमध्ये दुरुस्तीसाठी पाणी धरलं जातं. शिवाय स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, धरून ठेवायला लागतात आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. मांड्या जिना उतरताना अजून बोलतात, म्हणजे सूज आहेच. त्यात पाळी चार दिवसांवर आली आहे. यातली चरबी किती असेल? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. एका आठवड्यात अर्धा किलो चरबी वाढावी इतकं जास्तीचं मी खाल्लेलं नाही.

काही बदलायचं नाही, महिनाभर हेच.

27 जून

पाऊस लागला. चार भिंतीची वाट शेवाळल्यामुळे निसरडी झाली आहे, चालणं बंद. त्याऐवजी इमारतीचा जिना. तीन मजले चढायचे, हळू उतरायचं, पुन्हा चढायचं. उड्यांच्या ऐवजी धाप लावणारं जे हवं होतं ते हेच. गुडघ्यावर आदळआपट नाही आणि आजींचं देवघर शांत. फक्त लोक ओल्या छत्र्या घेऊन ये-जा करतात तेव्हा तळमजल्याच्या पायऱ्या ओल्या होतात, म्हणून अशा वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्याच वापरते. उतरताना एक हात कठड्यावर.

30 जून, रविवार

व्यायामात पाठीवर घ्यायला वजनाची बॅग तयार केली. सगळ्यात जास्त वेळ हिच्यातच गेला आणि सगळ्यात जास्त उपयोगही हिचाच होणार असं दिसतंय, म्हणून नीट लिहिते.

डंबेल्सची चौकशी केली होती. वजन बदलता येणारी जोडी हजारोंच्या घरात जाते. भावाने वाळूचा मार्ग सुचवला. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथल्या वॉचमनने बादलीभर क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) फुकट दिली. ती तशीच एका पिशवीत भरून मुलाच्या जुन्या दप्तरात ठेवली आणि पहिल्याच दिवशी पिशवी शिवणीतून गळायला लागली. शिवाय पावसाची वाळू ओली. दोन दिवसांत कुबट वास आला, आणि वाळेल तसं वजनही कमी होत जाणार, म्हणजे मोजमापाला अर्थ नाही.

मग असं केलं. जुन्या लोखंडी कढईत वाळू थोडी थोडी घेऊन मंद आचेवर, वाफ यायची थांबेपर्यंत परतली. पूर्ण गार होऊ दिली. एक लिटरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत किचनच्या काट्यावर मोजून बरोबर एक किलो. तोंड दोनदा दुमडून पॅकिंगची रुंद टेप, आणि वरून दुसरी पिशवी उलट बाजूने. अशा आठ पुड्या. दुधाची पिशवी जाड असते, टोचल्याशिवाय फाटत नाही. किलोकिलोच्या पुड्या असल्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं, डंबेल्समध्ये हीच सोय महाग पडते.

बॅगेत पुड्या तळाशी राहिल्या तर बॅग कमरेवर आपटते. तळाला जुनी चादर घडी करून घातली आणि पुड्या खांद्यांच्या पात्यांच्या पातळीला, पाठीला चिकटून आणल्या. वर दुसरी चादर कोंबून घट्ट केलं. पट्ट्या ताणून आवळायच्या, आत काहीही हलता कामा नये.

खर्च: टेप 60 रुपये.

3 जुलै

जिन्यात आठ किलो घेऊन चढले. दुसऱ्या फेरीला कठड्याला धरून थांबावं लागलं. डिसेंबरात असाच दम लागायचा, आणि कारण सरळ आहे: उतरवलेलं वजन मी पाठीवर परत घेतलंय. दिवसभर हे अंगावर वागवत होते हे लक्षात आलं आणि गेल्या सहा महिन्यांच्या कष्टांची किंमत पहिल्यांदा नीट कळली.

पण सुरुवात आठने करायची नसते. उद्यापासून चार किलो, आणि आठवड्याला एक पुडी वाढवायची.

7 जुलै, रविवार

सरासरी 71.5. पाणी उतरलं. घेर 92.5. वजन जवळजवळ तेच आणि घेर दीड सेंमीने कमी. काट्यावर काहीच दिसत नव्हतं तेव्हा टेपवर दिसत होतं. फक्त काटा बघत राहिले असते तर जूनअखेर सगळं बंद केलं असतं.

ओट्यावरचे जोर तिन्ही सेटमध्ये बारा झाले. आता दिवाण.

10 जुलै

दिवाणावर जोर मारताना मनगट दुखलं. गादीत तळवा रुतून मनगट जास्त मागे वळतं. गादी सरकवून लाकडी कडेवर हात ठेवले आणि दुखणं थांबलं.

बँडचा घोटाळा: साडेचारशे रुपयांचा जाड बँड घेतला, तो दाराच्या फटीत अडकवून ओढायचा. पावसाने दार फुगलंय, कडी नीट बसत नाही आणि जोरात ओढलं की दार उघडून बँड तोंडावर येतो. कपाळावर फटका बसला, डोळा वाचला. दार वापरायचंच असेल तर ओढताना ते बंद होईल अशा बाजूला उभं राहा. मी आता खिडकीच्या गजाला बांधते. गजाच्या धारेने रबर झिजतं म्हणून मध्ये जुन्या टॉवेलची पट्टी. दर वेळी सुरू करण्याआधी बँड ताणून बारीक चिरा आल्यात का ते बघायचं.

17 जुलै, आषाढी एकादशी

सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी पुन्हा तीच, आणि संध्याकाळी ताकदीचा व्यायाम. दुसऱ्या सेटला डोळ्यापुढे अंधारी आली, बसून राहिले. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं त्यात जवळपास नाहीत. पुढच्या उपवासाला राजगिऱ्याची भाकरी, दही आणि शेंगदाण्याची आमटी, आणि त्या दिवशी फक्त जिना, बॅगेशिवाय.

यावरून जेवणाकडे नीट पाहिलं. दिवसाला प्रथिनं जेमतेम 45 ग्रॅम जात होती. आपल्याकडची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे मला किमान 59 लागतात, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर त्याहून जास्तच. आता सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम), डब्यात मटकी किंवा मुगाची उसळ मोठी वाटी, रात्री दही, आणि आठवड्यातून तीनदा सोयाबीनच्या वड्या. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅममागे 50 ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात आणि त्या स्वस्तही आहेत. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की वास जातो, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात छान लागतात.

तेलाची धार बंद केली, चमचा आला. एक चहाचा चमचा तेल म्हणजे जवळपास 45 कॅलरी. माझ्या फोडणीत आधी किती पडायचं ते मोजलं, भाजीला सहा-सात चमचे. आता तीन. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "भाजी कोरडी झालीय गं." तिसऱ्या दिवसापासून काही बोलल्या नाहीत.

व्यायामाच्या नोंदीत जेवण आणावंच लागतं. 35 मिनिटांच्या व्यायामात जेवढं जळतं तेवढं वाटीभर चिवड्यात परत येतं. जड व्यायामाने स्नायू टिकायला मदत होते, म्हणजे उतरेल ते जास्त करून चरबीतून उतरेल, आणि जी भूक आधी लागायची ती प्रथिनांमुळे आटोक्यात आली. दोन्ही हातात हात घालूनच चालतं.

21 जुलै, रविवार

सरासरी 71.0. मार्चनंतर पहिल्यांदा 71.5 च्या खाली.

28 जुलै, रविवार

बॅग सात किलोवर गेली आणि उजव्या पट्टीची शिवण उसवली. जिन्यात मधोमध होते, बॅग एका बाजूला घसरली आणि तोल गेला. कठडा हातात होता म्हणून निभावलं. बाजारातल्या बॅगवाल्याकडून दोन्ही पट्ट्या नायलॉनच्या दोऱ्याने फुलीची शिवण घालून घेतल्या, 80 रुपये. शाळेची दप्तरं एवढ्या वजनासाठी शिवलेली नसतात. हे काम वाळू भरण्याच्या आधीच करून घ्या.

4 ऑगस्ट, रविवार

सरासरी 70.6, घेर 91.

बैठका सात किलो घेऊन तीन मोजत खाली, बारा-बारा व्हायला लागल्या. बॅग आणखी वाढवली तर गुडघ्याआधी खांदे कुरकुरतात, म्हणून वजन न वाढवता एका पायावर आले. मागचा पाय दिवाणावर पालथा ठेवायचा, पुढच्या पायावर खाली जायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा तोल सांभाळण्यातच शक्ती गेली. भिंतीला दोन बोटं टेकवली की पुरतं. पुढचं पाऊल दिवाणापासून किती लांब ठेवायचं यावर सगळं आहे. जवळ ठेवलं तर गुडघ्यावर भार येतो, तीच वाटीखालची जुनी कळ. लांब ठेवून किंचित पुढे झुकलं तर तो भार मांडीच्या मागच्या बाजूला आणि नितंबाकडे जातो. माझी जागा मी फरशीवर टेपची खूण करून पक्की केली आहे.

बॅगेशिवाय आठच येतात. पुन्हा तळापासून सुरुवात, आणि मला ते आवडतंय.

12 ऑगस्ट, श्रावणी सोमवार

सूर्यनमस्कारांचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. माझं आजोळ औंधजवळचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रसार केला की आजोबांच्या पिढीला ते जेवणखाणाइतकेच नेहमीचे होते. ते सोडणं मला मान्य नाही. पण बारा नमस्कार भरभर दहा मिनिटांत उरकणं म्हणजे त्या व्हिडिओसारखंच झालं होतं.

आता सहाच घालते. साष्टांगाला जाताना छाती जमिनीपर्यंत पाच मोजत उतरवायची. पाय मागे नेताना एकच पाय, दोन श्वास थांबून. सहा नमस्कारांना आता तेवढाच वेळ लागतो आणि चौथ्यापासून घाम टपकतो. जमिनीवरचे जोर यावेत म्हणून या उतरण्याचा सरावही होतो. वर ढकलायची ताकद नसली तरी हळू खाली येण्याची असते, आणि ताकद तिथूनच तयार होत जाते.

18 ऑगस्ट, रविवार

सरासरी 70.0. या आठवड्यात फारसं लिहिण्यासारखं नाही. झोप कमी झाली, मार्चअखेरची थकीत वसुली अजून चालू आहे आणि रोज साडेअकरा वाजतात. व्यायाम पहाटेवरून संध्याकाळी सातला आणला. पहाटे अंग जड असायचं, संध्याकाळी त्याच बॅगेला दोन बैठका जास्त येतात.

1 सप्टेंबर, रविवार

सरासरी 69.3, घेर 89.5. साठीच्या घरातला आकडा मुलाच्या जन्मानंतर मी पाहिला नव्हता. मुलालाच हाक मारून दाखवला.

चौरंगावरचे जोर सुरू. फरशीवर चौरंग सरकतो, म्हणून त्याखाली योगा मॅट आणि चौरंगाची मागची बाजू भिंतीला टेकवलेली. पहिल्या सेटला नऊ, मग सात, मग सहा.

15 सप्टेंबर, रविवार

गणपती, मग गौरी. पुरण, मोदक, माहेरची माणसं. सरासरी 69.5. सात ते बारा तारखेपर्यंत पूर्ण व्यायाम शक्य नव्हता. प्रत्येक प्रकाराचा एकेक सेट एक दिवसाआड केला, स्वयंपाकाच्या आधी, पंधरा मिनिटांत. आज पूर्ण व्यायाम केला तर सगळे आकडे गौरींच्या आधी होते तेवढेच आले. ताकद एका आठवड्यात जात नाही. सणात मोदक खाल्ले याची मला अजिबात खंत नाही.

22 सप्टेंबर, रविवार

जमिनीवर दोन जोर आले! पूर्ण, छाती खाली टेकवून, कंबर न वाकवता. तिसऱ्याला अडकले. भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: "ताई, कोपरं बाहेर फाकतायत, अंगाजवळ घे." खांद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबर आहे, उद्यापासून सुधारते.

29 सप्टेंबर, रविवार

सरासरी 68.7, घेर 88.5. सोळा आठवड्यांत 2.9 किलो आणि साडेपाच सेंमी. डिसेंबर ते मार्च हा वेग दुपटीहून जास्त होता. पण आता वजन कमी आहे, तेव्हा वेगही कमीच राहणार. एकूण रोख खर्च बँड, टेप आणि शिवण मिळून 590 रुपये. रक्ततपासणी वेगळी.

गुरुवारी घटस्थापना. नऊ दिवसांच्या उपवासात बॅग आठवरून पाच किलोवर आणणार, सेट तीनचे दोन. राजगिरा पीठ दोन किलो आणून ठेवलंय, दही घरी लावते. दसऱ्यानंतर एका पायाच्या बैठकांना दोन पुड्यांपासून सुरुवात, आणि वाट वाळली की बॅग घेऊन चार भिंतीला. बँडला गजापाशी एक चीर दिसली आहे, तो या आठवड्यात बदलायचा.